खूण कशाची? – ‘द ग्रेट प्रोस्टेट होक्स’ या पुस्तकाच्या निमित्ताने

आठवीत असताना ज्यांनी आम्हाला कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा दाखविल्या, ते आमचे सर दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घरी आले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षे झाली होती. हातात एक इंग्रजी पुस्तक होते आणि पुस्तकात खुणेसाठी घातलेला एक कागद होता. तो कागद म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. ज्येष्ठ नागरिकांसाठी सवलतीत सगळ्या तपासण्या एकदम करून देणारी एक योजना असते, तीत सरांनी रक्त दिले होते. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन सारे ठीक. फक्त एका ओळीतील आकडा ठळक छापलेला : पी.एस.ए. १८.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. आणि त्यापुढे ‘सामान्य मर्यादा ० ते ४’.

पुस्तक उघडून सर म्हणाले, “अरे, ज्या माणसानं हे प्रथिन शोधलं तोच म्हणतोय की ही सगळी बनवाबनवी आहे. मग मी कशाला डॉक्टरच्या दारात जाऊ? तू याच विषयात काम करतोस ना, तूच सांग.”

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ऊतींमधील प्रथिनांवर आम्ही काम करतो हे खरे. पण आम्ही रोगी तपासत नाही, काचपट्ट्या तपासतो. त्या संध्याकाळी सरांना काय सांगितले ते ओघात येईलच. पुस्तक मात्र ठेवून घेतले आणि दोनदा वाचले. चांगल्या बाजूने लिहिलेले पुस्तकही वाचकाला चुकीच्या दारात कसे नेऊन सोडू शकते, याचे ते एक उदाहरण आहे असे आमचे मत झाले.

पुस्तकाचे लेखक रिचर्ड ॲब्लिन आणि रोनाल्ड पियाना. प्रकाशन २०१४ चे. शीर्षकातील ‘होक्स’ म्हणजे बनवाबनवी. विषय आहे तो पी.एस.ए. या प्रथिनावर आधारलेल्या रक्तचाचणीचा. अमेरिकेत या चाचणीला १९८६ साली मान्यता मिळाली ती आधीच रोग असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. रोग हुडकण्यास मदत म्हणून मान्यता मिळाली १९९४ साली. पण मधल्या काळातच ती धडधाकट पुरुषांमध्ये सर्रास सुरू झाली होती. आकडा चारच्या वर गेला की सुईने ग्रंथीचे तुकडे काढायचे, त्यांत कर्करोग दिसला की ग्रंथी काढायची किंवा किरणोपचार द्यायचे, अशी साखळी तयार झाली. त्यांतील अनेकांचा रोग इतका संथ होता की त्याने त्यांना कधीच त्रास दिला नसता. उपचारांनी मात्र कोणाचे लघवीवरील नियंत्रण गेले, कोणाची लैंगिक क्षमता गेली. या साखळीतील प्रत्येक कडीवर कोणाला किती पैसा मिळतो हेही लेखक दाखवितात. हा सगळा भाग तळमळीने लिहिलेला आहे आणि मुख्यतः खरा आहे. जी गोष्ट डॉक्टरांच्या परिषदांमध्ये सौम्य भाषेत बोलली जात होती ती लेखकांनी चव्हाट्यावर आणली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

आमची तक्रार तिथून पुढे सुरू होते.

पहिली गोष्ट म्हणजे ‘शोध लावणाराच सांगतो आहे’ या वाक्याला दिलेले वजन. सरांसारख्या विज्ञान शिकविलेल्या माणसालाही त्याची भुरळ पडली. ॲब्लिन यांनी १९७० साली प्रोस्टेटच्या ऊतीत एक विशिष्ट प्रतिजन असल्याचे प्रसिद्ध केले. १९७१ साली जपानमध्ये हारा आणि सहकाऱ्यांनी वीर्यातील एका प्रथिनाचे वर्णन केले. त्यांचा हेतू न्यायवैद्यकाचा होता. १९७८ साली सेन्साबॉ यांनी त्याच हेतूने वीर्यातील ‘पी-३०’ हे प्रथिन वेगळे काढले. १९७९ साली बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत टी. मिंग चू यांच्या गटाने प्रोस्टेटच्या ऊतीतून पी.एस.ए. शुद्ध केले आणि रक्तचाचणीची वाट मोकळी झाली. पुढे ध्यानात आले की जपानी प्रथिन, पी-३० आणि पी.एस.ए. ही एकाच प्रथिनाची नावे आहेत. १९७० चा प्रतिजन नेमका हाच होता का, यावर मात्र जाणकारांत वाद आहे. एकाच हत्तीला चार जणांनी हात लावला, असा हा इतिहास. तेव्हा ‘शोधकर्ता’ हा शब्द येथे एकवचनात वापरणेच अवघड आहे. आणि समजा वापरला, तरी प्रथिन शोधणाऱ्याला त्याच्या चाचणीबद्दलचा अखेरचा शब्द मिळत नाही. तो आकड्यांनाच मिळतो.

आता त्या प्रथिनाकडे वळू, कारण पुस्तकाची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही तिथेच समजतात.

प्रोस्टेटला आपल्या पाठ्यपुस्तकांत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी असणारी ही ग्रंथी. तिचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर अनेक वेड्यावाकड्या पोकळ्या दिसतात. प्रत्येक पोकळीला पेशींचे दुहेरी अस्तर असते. आतल्या बाजूला उंच स्रावी पेशी, त्यांच्या खाली चपट्या तळपेशींचा थर आणि त्याखाली आधारपटल. स्रावी पेशी पी.एस.ए. तयार करून पोकळीत सोडतात. हे प्रथिन म्हणजे एक विकर आहे. वीर्य बाहेर पडल्यावर प्रथम घट्ट असते. त्यातील सेमेनोजेलिन या प्रथिनाचे तुकडे करून पी.एस.ए. ते पातळ करते, म्हणजे शुक्रजंतूंना पोहता यावे. इतके त्याचे साधे, घरगुती काम. कर्करोगाशी त्याचा जन्मजात संबंध काही नाही.

वीर्यात ते मिलिलिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात असते आणि रक्तात नॅनोग्रॅमच्या. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखविण्यासारखे आहे. पोकळीत लाखोंनी असणारे प्रथिन रक्तात इतके थोडे का, तर मध्ये तळपेशी आणि आधारपटल यांची भिंत आहे म्हणून. कर्करोगात या भिंतीची मोडतोड होते आणि प्रथिन रक्तात झिरपते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कर्करोगाची पेशी निरोगी पेशीपेक्षा जास्त पी.एस.ए. तयार करीत नाही, उलट थोडे कमीच करते. घराच्या भिंतीला ओल आली म्हणून छपरावरच्या टाकीतले पाणी वाढले असे कोणी म्हणत नाही. नळ कुठेतरी गळतो आहे एवढेच ती ओल सांगते. मग गळती कर्करोगाने होते, तशी दाहानेही होते. आणि वयोमानाने ग्रंथी नुसतीच वाढली तर नळांची संख्या वाढून ओल वाढते.

त्यामुळे ‘प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजन’ हे नावच फसवे आहे. ते केवळ प्रोस्टेटमध्ये नसते, अल्प प्रमाणात स्तनांच्या ऊतीत व दुधातही सापडते. आणि कर्करोगाशी तर ते मुळीच विशिष्ट नाही. निरोगी, नुसत्या वाढलेल्या आणि कर्करोगी अशा तिन्ही ऊतींत ते असते, हा मुद्दा ॲब्लिन वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. पुस्तकाचा हा कणा मजबूत आहे. यावर कोणी आक्षेप घेऊ शकत नाही.

आक्षेप आहे तो यापुढच्या उडीवर. २०१० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेल्या लेखात ॲब्लिन यांनी ही चाचणी नाणेफेकीपेक्षा फारशी बरी नाही अशा अर्थाची तुलना केली आणि ती जगभर गाजली. ही तुलना शिक्षकाने वर्गात नेऊ नये, कारण ती गणिताने चूक आहे. नाणे उडविले तर कर्करोग असलेल्या शंभरांपैकी पन्नास जणांवर बोट ठेवले जाईल आणि नसलेल्या शंभरांपैकीही पन्नासच जणांवर. दोन्हीकडे सारखेच, म्हणजे माहिती शून्य. आता प्रत्यक्ष आकडे पाहा. अमेरिकेतील एका मोठ्या प्रतिबंधक प्रयोगात आकडा कितीही असला तरी शेवटी पुरुषांची बायॉप्सी करण्याची तरतूद होती, म्हणून त्याचे निष्कर्ष मोलाचे आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणानुसार चारच्या वरचा आकडा कर्करोग असलेल्या शंभरांपैकी साधारण वीस जणांत आढळला आणि नसलेल्या शंभरांपैकी सहा जणांत. रोग उग्र असेल तर चित्र आणखी वेगळे. सर्वांत उग्र गटातील शंभरांपैकी एक्कावन्न जणांत आकडा चारच्या वर होता आणि उरलेल्यांत शंभरी अकरा जणांत. नाण्याला रोग उग्र की संथ हे कळत नाही. या चाचणीला ते थोडेसे कळते. थोडेसेच, हे खरे. पण थोडी माहिती आणि शून्य माहिती यांत फरक करणे हेच तर आपण विज्ञानाच्या तासाला शिकवितो.

त्याच प्रयोगातील दुसरा निष्कर्ष ‘सामान्य मर्यादा ० ते ४’ या छापील ओळीची झोप उडविणारा आहे. सात वर्षांत ज्यांचा आकडा एकदाही चारच्या वर गेला नाही अशा २,९५० पुरुषांच्या बायॉप्सीत १५.२ टक्क्यांना कर्करोग सापडला. अर्ध्या नॅनोग्रॅमच्या आत आकडा असणाऱ्यांतही ६.६ टक्के, आणि ३.१ ते ४ या गटात २६.९ टक्के. म्हणजे चार ही काही कुंपणाची तार नव्हे. चढ आहे, आणि चढावर कोणीतरी चार या ठिकाणी खडूने रेघ मारली आहे. (याउलट १९९१ साली कॅटालोना यांनी चार ते दहा या गटातील २२ टक्के पुरुषांत कर्करोग सापडल्याचे लिहिले होते. वरच्या गटात २२ आणि खालच्या गटात २७ कसे, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील. दोन्ही ठिकाणच्या पुरुषांची वये वेगळी, बायॉप्सीची पद्धत वेगळी. असे आकडे शेजारीशेजारी ठेवू नयेत.) प्रयोगशाळांनी ही चारची रेघ ठळक अक्षरांत छापण्याऐवजी वयाप्रमाणे चार ओळी लिहिल्या असत्या तर बरे झाले असते. पण सवलतीच्या योजनेत चार ओळींना जागा नसते.

रोग सापडणे आणि रोगाने मरणे यांत केवढे अंतर आहे हे पी.एस.ए.च्या कितीतरी आधी ठाऊक होते. १९३५ साली अर्नॉल्ड रिच यांनी इतर कारणांनी मृत्यू पावलेल्या, पन्नाशीपुढील पुरुषांच्या शवविच्छेदनांत सुमारे १४ टक्के ग्रंथींत लपलेला कर्करोग पाहिला. तो त्यांना आयुष्यभर कळला नव्हता. रक्तातील खुणेचा धडाही जुनाच आहे. १९३८ साली अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखविले की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की रक्तातील आम्ल फॉस्फेटेज हे विकर वाढते. हगिन्स यांनी १९४१ साली याच विकराच्या चढउतारावरून दाखविले की पुरुषी संप्रेरक बंद केले की रोग माघार घेतो. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या खुणेने रोगाचा माग ठेवता येतो तिने रोग शोधता येईलच असे नाही, हे तेव्हाच स्पष्ट होते. पी.एस.ए.च्या बाबतीत ते विसरले गेले. याला विसरभोळेपणा म्हणा, लोभ म्हणा; बनवाबनवी म्हणायला कोणीतरी जाणूनबुजून खोटे बोलावे लागते. प्रथिन खोटे बोलले नाही. त्याला भलताच प्रश्न विचारला गेला.

योग्य प्रश्न असा की सापडलेला हा कर्करोग घरात बसणारा आहे की गावभर हिंडणारा? हे रक्तावरून फारसे कळत नाही. ऊतीकडेच जावे लागते. पुस्तकाचा रोख रक्तचाचणीवर आहे, म्हणून ऊतीची बाजू आम्ही येथे मांडतो.

ऊतीतील प्रथिनांनी एका प्रश्नाचे उत्तर फार सुरेख दिले आहे. सुईने काढलेल्या केसासारख्या तुकड्यात चारदोन संशयास्पद पोकळ्या दिसल्या तर तो कर्करोग की नाही, हा तो प्रश्न. कर्करोगात तळपेशींचा थर नाहीसा होतो हे वर आलेच. या तळपेशींच्या केंद्रकात पी-६३ नावाचे प्रथिन असते. त्याला चिकटणारे प्रतिपिंड रंगासह टाकले की निरोगी पोकळीभोवती तपकिरी ठिपक्यांची माळ उमटते. कर्करोगाच्या पोकळीभोवती ती माळ नसते. येथे खूण आहे ती प्रथिनाच्या अभावाची. उलट ए.एम.ए.सी.आर. हे विकर कर्करोगी पेशींत भरपूर असते. २००० ते २००२ या काळात ते पुढे आले. दोन्ही एकाच काचपट्टीवर वापरतात. यांतही अपवाद आहेत. कर्करोगपूर्व अवस्थेतही दुसरे प्रथिन उमटते, आणि काही निरुपद्रवी पोकळ्यांत माळ तुटक असते. म्हणून रंग पाहून निकाल देणारा नव्हे, तर आकार पाहून मग रंग विचारात घेणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो.

पण ‘हिंडणारा की बसणारा’ या प्रश्नाला प्रथिनांनी अजून तसे उत्तर दिलेले नाही. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली पोकळ्यांच्या मांडणीवरून एक ते पाच अशी प्रतवारी सुचविली. सर्वांत जास्त दिसणारी प्रत आणि तिच्या खालोखालची, यांची बेरीज करायची. त्यात एकही प्रथिन नाही, एकही प्रतिपिंड नाही, नुसती नजर आहे. सुधारणा होत गेल्या, तरी आजही पॅथॉलॉजिस्ट रोगाचा अंदाज बांधतो तो याच पायावर. त्याला मागे टाकण्याच्या ईर्षेने किती प्रथिने आली! की-६७ घ्या. जर्मनीतील कील या गावी १९८३ मध्ये या प्रतिपिंडाचे वर्णन झाले, म्हणून ‘की’, आणि तबकडीतील सदुसष्टाव्या खळगीत सापडले म्हणून ६७. विभाजन पावणाऱ्या पेशी ते दाखविते. पी-टेन हे प्रथिन नाहीसे झाले असेल तर रोग बहुधा वाईट वळण घेतो. २००५ साली दोन जनुके तुटून एकमेकांना जोडली जातात असे आढळले आणि त्यातून इ.आर.जी. हे प्रथिन पेशींत उमटते असे दिसले; युरोपीय वंशाच्या रुग्णांत जवळजवळ निम्म्यांत, पूर्व आशियात बरेच कमी. रोगाचे मूळ समजण्याच्या दृष्टीने हा मोठाच शोध होता. पण रुग्णाचे पुढे काय होईल हे इ.आर.जी.वरून फारसे सांगता येत नाही. आणि एकाच ग्रंथीत कर्करोगाची तीनचार वेगळी बेटे असतात. एका बेटावर इ.आर.जी. असते, शेजारच्यावर नसते. सुई कोणत्या बेटावर उतरली यावर उत्तर बदलते.

यांपैकी काही खुणा उपयोगी आहेत. पण ‘नवे प्रथिन सापडले’ अशा बातम्यांपैकी बहुतेक बातम्या पाच वर्षांत विरून का जातात, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

ऊती टिकविण्यासाठी त्या फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. फॉर्मेलिन प्रथिनांना एकमेकांत असे गुंफून टाकते की प्रतिपिंडाला आपले प्रथिन ओळखता येत नाही. ती गुंफण सोडविण्यासाठी काचपट्ट्या उकळाव्या लागतात, आणि त्यासाठी आम्ही चक्क स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर वापरतो. एका वर्षी आमच्या हाती एक प्रथिन लागले. कर्करोगाच्या काचपट्ट्यांत ते झळाळून उमटे, साध्या वाढलेल्या ग्रंथींच्या पट्ट्यांत जवळजवळ दिसत नसे. निबंध लिहून तयार होता. मग एका विद्यार्थिनीने विचारले की सर, हे दोन प्रकारचे नमुने आले कुठून? कर्करोगाचे नमुने पूर्ण काढलेल्या ग्रंथींचे होते. साधे नमुने म्हणजे मूत्रमार्गातून विजेच्या तारेने खरवडून काढलेले कपचे. त्यांच्या कडा भाजलेल्या होत्या. आम्ही कर्करोगाची निरोगी ऊतीशी तुलना करीत नव्हतो, न भाजलेल्या ऊतीची भाजलेल्या ऊतीशी करीत होतो. मग एकाच काचपट्टीवर शेजारीशेजारी असलेल्या कर्करोगी आणि निरोगी पोकळ्या पाहिल्या, तेव्हा फरक उरला नाही. निबंध कपाटात गेला.

अशा चुका प्रसिद्धही होतात. त्यांत भर म्हणजे आकडे पाहून झाल्यावर सोयीची सीमारेषा आखणे, आणि ज्या नमुन्यांवरून रेषा आखली त्यांच्यावरच तिची परीक्षा घेणे. हे म्हणजे प्रश्नपत्रिका घरी नेऊन सोडवून आणणाऱ्या विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी गुण देण्यासारखे आहे. अशा निबंधांत कोणती माहिती दिलीच पाहिजे याचे ‘रिमार्क’ नावाचे नियम २००५ साली तयार करावे लागले, यावरून दुखणे किती पसरले होते याची कल्पना यावी.

मोठ्या टक्केवारीचाही एक चकवा आहे. २००७ साली ई.पी.सी.ए.-२ या प्रथिनाच्या रक्तचाचणीबद्दल असे प्रसिद्ध झाले की ती ९४ टक्के रोग्यांना ओळखते आणि ९२ टक्के निरोग्यांना बरोबर सोडून देते. चाचणीच्या पद्धतीवरच तज्ज्ञांनी गंभीर शंका घेतल्या आणि ती कधी व्यवहारात आली नाही. पण क्षणभर आकडे खरे धरा. हजार पुरुषांपैकी तीस जणांना दखल घेण्याजोगा रोग आहे असे समजा. चाचणी त्यांतील अठ्ठावीस जणांना पकडील. उरलेल्या ९७० पैकी आठ टक्के, म्हणजे अठ्ठ्याहत्तर जणांनाही पकडील. चाचणीत सापडलेल्या १०६ पैकी खरे रोगी अठ्ठावीस, चारातला एक. हे उदाहरण दहावीच्या वर्गात वीस मिनिटांत करून घेता येते, आणि ते केलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही ‘९० टक्के अचूक’ जाहिरातीला सहज फसणार नाही.

पुस्तकानंतर जे घडले त्याबद्दल लेखकांना दोष देता येत नाही, पण आज पुस्तक हाती घेणाऱ्याला ते ठाऊक हवे. २०१२ साली अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञमंडळाने धडधाकट पुरुषांत ही चाचणी करू नये असा सल्ला दिला. २०१८ साली तो बदलला. ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावे, सत्तरीनंतर करू नये. मधल्या काळात पसरलेल्या अवस्थेत सापडणाऱ्या रोगाचे प्रमाण तेथे वाढल्याचे नोंदींत दिसले. युरोपातील मोठ्या चाचणीत २००९ साली हिशेब असा होता की एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांना तपासावे लागते आणि ४८ जादा जणांवर उपचार करावे लागतात. तेवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२५ साली, तो ४५६ आणि १२ वर आला. संथ रोगात फायदा उशिरा दिसतो, हे त्याचे कारण. दुसरीकडे ब्रिटनमधील प्रयोगात, चाचणीने सापडलेल्या रोग्यांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख काहीही दिले तरी पंधरा वर्षांत या रोगाने मरणारे एकंदर तीन टक्क्यांच्या आतच राहिले. म्हणजे सापडला की कापा, ही साखळीतील कडी आता तुटू लागली आहे. अनेक ठिकाणी संथ रोगावर नुसते लक्ष ठेवले जाते. याचे काही श्रेय ॲब्लिन यांच्या आरडाओरडीला द्यायला आमची हरकत नाही.

आता सरांकडे येऊ. पुस्तकात एका शब्दात तीन गोष्टी मिसळतात : धडधाकट माणसांत रोग हुडकणे, तक्रार असलेल्या माणसाचे निदान करणे आणि उपचारांनंतर माग ठेवणे. ॲब्लिन यांनीच त्या २०१० च्या लेखात तिसरा उपयोग मान्य केला आहे. पण शीर्षकाच्या आरोळीत तो ऐकू येत नाही. अमेरिकेत पहिल्या गोष्टीचा अतिरेक झाला. आपल्याकडे या रोगासाठी सरकारी चाळणी-कार्यक्रम नाही आणि पुष्कळ रोगी हाडे दुखू लागल्यावरच येतात. तिकडचे औषध इकडच्या दुखण्याला लावता येत नाही.

आम्ही सरांना एवढेच विचारले की काही त्रास होतो का. सर म्हणाले, “त्रास कसला, चार महिने कंबर धरलीये. वय झालं.” त्या क्षणी ते चाळणीतले धडधाकट पुरुष राहिले नाहीत, तक्रार असलेले, अठराच्या वर आकडा असलेले रुग्ण झाले. आम्ही दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन रुग्णालयात गेलो. बायॉप्सीच्या अहवालात ग्लीसनची बेरीज चार अधिक चार, आठ. आम्ही ज्यांवर आयुष्य घालवितो त्यांपैकी एकाही प्रथिनाचा त्यात उल्लेख नव्हता. रोग इतका उघड होता की नेहमीचे दोन रंग पुरेसे झाले. हाडांच्या तपासणीत कमरेच्या दोन मणक्यांत तो पोचलेला दिसला. एका रुग्णावरून चाचणी चांगली की वाईट हे ठरत नाही, आणि सरांनी पाच वर्षे आधी रक्त दिले असते तर काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही.

सरांना दर तीन महिन्यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन असते. कंबरदुखी थांबली आहे. इंजेक्शनाच्या आधी रक्त जाते आणि त्याच प्रथिनाचा आकडा येतो. गेल्या वेळी तो ०.४ होता. सर तो वहीत आलेखावर मांडतात, क्ष-अक्षावर महिने, य-अक्षावर नॅनोग्रॅम. पुस्तक आमच्याकडेच आहे. त्यांनी ते अजून परत मागितलेले नाही.